सुजाताताईंच्या काचेच्या खोलीतली गोरखचिंच

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा लागला की अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावच्या आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो. सुजाताताई शनिवारी घरी आहेत का? थंडीची पहिली कडक रात्र यायच्या आत तुळशी, कढीपत्ते, मोगरे घरात घ्यावे लागतात. पण डिसेंबरात सगळ्यांना भारतात जायचं असतं, आणि महिनाभर रिकाम्या घरात झाडं जगत नाहीत. सुजाताताईंच्या घराला मागच्या बाजूने दक्षिणेकडे तोंड करून एक काचेची खोली आहे. पंधरा वर्षं आमची झाडं तिथे हिवाळा काढत होती. त्या खोलीला आम्ही हॉस्टेल म्हणायचो.

सुजाताताई मेश्राम मूळच्या नागपूरच्या, बॉटनीत एम.एस्सी. इथे आल्यावर त्या डिग्रीचं काही झालं नाही. बावीस वर्षं त्या एका शाळेच्या किचनमध्ये काम करत आहेत. पहाटे पाचला उठायचं, चारशे मुलांचं जेवण लावायचं, तीनला घरी यायचं, आणि कोट काढला की आधी काचेच्या खोलीत जायचं. तिथे प्रत्येक कुंडीवर चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असे, झाडाचं नाही, मालकिणीचं. राधिका. इला. शैलजाकाकू. आश्लेषा, म्हणजे मी. गेल्या हिवाळ्यात एकोणीस कुंड्या होत्या, त्यांतल्या अकरा तुळशी.

"घरात बुद्ध अन् बाबासाहेबांचा फोटो, अन् खोलीत अकरा तुळशी," त्या म्हणायच्या. "माझ्या आईनं पाहिलं असतं तर कुंड्यांसकट मला बाहेर काढलं असतं."

राधिका पुण्याची. तिची तुळस सासूबाईंनी बी पाठवून लावून घेतलेली, त्यामुळे तिची काळजी जास्त. एकदा कुंडी ठेवता ठेवता ती म्हणाली, "आईंना मी सांगितलंय, तुळस एका मैत्रिणीकडे अगदी सेफ आहे."

"मैत्रिणीचं आडनाव सांगितलं का?" सुजाताताईंनी विचारलं.

राधिका लाल झाली. "ताई, तुम्ही पण ना!"

"नको सांगू बाप्पा. त्यांची तुळस उगीच सुकायची." असं म्हणून त्या स्वतःच हसल्या आणि राधिकाच्या तुळशीला खिडकीजवळची जागा दिली. राधिकाही हसली. मीही. अशा हसण्यावर आमचं बरंच काही चालत होतं.

त्या खोलीत त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच झाड होतं. कोपऱ्यात, चाकांच्या फळीवर, अर्ध्या पिंपाएवढ्या कुंडीत. खाली सुरईसारखं फुगलेलं खोड, वर माझ्या उंचीपर्यंत चारपाच फांद्या. गोरखचिंच. वसईला आमच्या शाळेच्या वाटेवर एक होती, तिच्या बुंध्याला आम्ही सहा मुली हात धरून उभ्या राहिलो तरी वेढा पुरा होत नसे. त्यामुळे हे ड्रॉइंगरूमच्या मापाचं झाड पाहून मला पहिल्यांदा हसूच आलं होतं.

ते बी सेनेगलचं. सुजाताताईंचे यजमान देवानंद भूजलाचे इंजिनियर होते, आणि अमेरिकेत येण्याआधी चार वर्षं दोघं तिथल्या एका लहान गावात राहिले. कोरड्या दिवसांत बाजारात हिरवं पान दिसत नसे. त्यांची लेक मोनाली तेव्हा पोटात होती आणि ताईंच्या पोटात काही ठरत नव्हतं. शेजारच्या आवा नावाच्या बाईने त्यांना गोरखचिंचेचा पाला सावलीत वाळवून कुटायला शिकवलं. ती पूड आमटीत टाकली की आमटी भेंडीसारखी बुळबुळीत, दाट होते. बिया भाजून खायच्या. "पहिल्या दिवशी मी रडत खाल्लं," ताई सांगायच्या, "अन् दुसऱ्या दिवशी मागून खाल्लं."

निघताना आवाने मूठभर बिया दिल्या. इथे आल्यावर कित्येक वर्षं त्या डब्यात पडून होत्या. मग एका उन्हाळ्यात ताईंनी कानशीने बियांची पाठ घासली, रात्रभर कढत पाण्यात ठेवल्या आणि लावल्या. अकरांतल्या दोन उगवल्या, एक जगली. दर मे महिन्यात देवानंदकाका ती फळी ढकलत झाड बाहेर न्यायचे आणि सप्टेंबरच्या अखेरीस आत आणायचे. त्याआधी ताई पाला काढून वाळवायच्या आणि लहान लहान पुड्या करून आम्हा सगळ्यांना द्यायच्या. काका चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून झाड ढकलायला मी आणि माझा नवरा यतीन जायचो.

गेल्या जानेवारीत सुजाताताईंच्या भावाचं नागपुरात ऑपरेशन निघालं. पाच आठवडे जायचं होतं. हिवाळ्यात त्या कधीच घर सोडत नसत, आमच्यामुळे. त्यांनी मला बोलावलं. आम्हाला त्या वर्षी भारतात जायचं नव्हतं आणि माझं घर त्यांच्यापासून सहा मिनिटांवर.

भिंतीवर त्यांनी एक कागद लावला होता. कोणत्या कुंडीला किती पाणी, कोणत्या वारी. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित : गोरखचिंच, एक थेंबही नाही.

झाड तेव्हा पार उघडं होतं. एक पान नाही. खोडाची साल राखाडी, हत्तीच्या पायासारखी सुरकुतलेली.

"अजिबातच नाही?" मी विचारलं.

"अजिबात नाही. ते झोपलं आहे. झोपेत कोणी पाणी पितं का? थंडीत मुळं ओली झाली की सडतात."

"पण मरणार नाही ना?"

"आश्लेषा, अठरा वर्षं ते मला न विचारता झोपते अन् मला न विचारता उठते. मे महिन्यात पाहू. तू त्याची माय नाहीस."

मी हसून मान हलवली. मला कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की मला नीट कळलं नसावं.

ऑफिस सुटलं की सियाला घेऊन मी रोज संध्याकाळी तिथे जायची. सिया दहा वर्षांची. बाहेर उणे अठरा, अंगणात गुडघाभर बर्फ. यतीन त्या महिन्यात कामासाठी टेक्सासला. दुसऱ्याच आठवड्यात इलाच्या कढीपत्त्याची पानं गळाली, शैलजाकाकूंची तुळस काळी पडली, आणि ज्यांची झाडं होती त्या भारतातून व्हिडिओ कॉल करून म्हणायच्या, कॅमेरा जरा खाली कर ना, बुंधा दाखव. मी दाखवायची. रात्री घरी आले तरी डोळ्यांसमोर कुंड्याच.

आणि ती गोरखचिंच. बाकीची झाडं निदान काहीतरी सांगत होती. ती काहीच सांगत नव्हती. रोज तिच्या सुरकुत्या मला आदल्या दिवसापेक्षा खोल वाटायच्या. मी फोनवर फोटो काढून आदल्या दिवशीच्या फोटोशी ताडून पाहायची.

माझी सिया सातव्या महिन्यात जन्मली. एक किलो शंभर ग्रॅम. नऊ आठवडे मी तिला पिचकारीतून थेंब थेंब दूध जाताना बघत बसले. त्यानंतर, निपचित पडलेल्या कशाहीजवळ मला स्वस्थ बसता येत नाही. ही सबब नाही. फक्त कसं झालं ते सांगते.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी अर्धा कप पाणी तिच्या मुळाशी ओतलं.

"आई, मावशी सेड नो वॉटर," सिया कागदाकडे बोट दाखवत म्हणाली.

"थोडंसंच आहे गं."

"इट सेज नॉट वन ड्रॉप. मला मराठी वाचता येतं."

"सिया, कोट घाल."

पाणी लगेच आत जिरलं. मला वाटलं, बघ, तहानलेलीच होती. मग दर दुसऱ्या दिवशी अर्धा कप. सिया समोर नसताना. काचेतून थंडी येते म्हणून मी त्या खोलीचा हीटरही थोडा वाढवला. ताईंचा फोन यायचा, भावाच्या तब्येतीचं सांगून झालं की शेवटी विचारायच्या, "तिला पाणी नाही ना घातलं?" आणि मी म्हणायची, "नाही हो ताई." हे किमान पाच वेळा तरी झालं.

शेवटच्या आठवड्यात राधिका पुण्याहून परतली आणि तुळस न्यायला आली. तिने तुळशीला नमस्कार केला, मग तांब्या भरून आजूबाजूच्या चारपाच कुंड्यांनाही पाणी घातलं, सवयीने. गोरखचिंचेकडे ती वळलीही नाही. मी तिथे उभी होते.

फेब्रुवारीत ताईंना डेट्रॉइटच्या विमानतळावरून मी घरी आणलं. गाडीत सांगायचं ठरवलं होतं. त्या दमलेल्या होत्या, भाऊ वाचला होता पण आता एका अंगाने लुळा होता, त्याबद्दल त्या बोलत राहिल्या. मी ऐकत राहिले.

घरी आल्यावर कोटही न काढता त्या काचेच्या खोलीत गेल्या. खाली बसल्या आणि खोडाच्या तळाशी अंगठा दाबला. अंगठा आत गेला. म्हणजे भोक पडलं नाही, पण साल पिकलेल्या फळासारखी दबली. त्यांनी अंगठा नाकाशी नेला.

"कोणी पाणी घातलं हिला?"

मी तोंड उघडलं, पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. रिकाम्या खिडकीकडे बघत होत्या, जिथे राधिकाची तुळस असायची.

"राधिका आली होती ना? तिनंच. जिथं जाईल तिथं तांब्या घेऊन उभी."

मी काही बोलले नाही. एवढंच. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी बोलले नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी राधिकाला फोन केला. काय बोलल्या ते मला दोघींकडूनही नंतर कळलं. पंधरा वर्षं तुमची झाडं सांभाळली, माझं एक झाड तुमच्याच्यानं सांभाळवलं नाही. मराठीत लिहिलं होतं, वाचता येतं ना? तुमचा देव तुमच्या कुंडीत, माझ्या कुंडीत कशाला ओतता? राधिका म्हणाली, मी हातही लावला नाही. ताई म्हणाल्या, खोटं बोलू नको.

दुसऱ्या दिवशी राधिकाने ग्रुपवर लिहिलं, "काही लोकांना माणसांपेक्षा झाडं जास्त प्रिय असतात. इतक्या वर्षांचे संबंध एका झाडापायी!" त्याखाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली. आठवड्याभरात सहा जणी येऊन आपल्या कुंड्या घेऊन गेल्या, अजून बर्फ असताना, गाडीत हीटर लावून. ताई प्रत्येकीला दार उघडून द्यायच्या आणि चिकटपट्टी सोलून काढायच्या.

मग एकीचा मला खाजगी मेसेज आला. तिचं नाव लिहीत नाही. "मनाला लावून घेऊ नकोस. ती माणसं अशीच असतात गं, कधी काय काढतील सांगता येत नाही."

ती माणसं. मी तो मेसेज कितीतरी वेळ बघत राहिले. अर्धा कप पाणी कुठून कुठे गेलं होतं. झाड तर जाणारच होतं, पण आता या गावात सुजाताताईंना जे कोणी होतं तेही जात होतं, आणि ते राधिकाच्या चुकीने नाही, ताईंच्या रागाने नाही, माझ्या गप्प बसण्याने.

रविवारी सकाळी मी गेले. ताईंनी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून झाड कुंडीतून काढलं होतं. एकटीने कसं काढलं कोण जाणे. मुख्य मूळ सडक्या रताळ्यासारखं झालं होतं आणि खोलीभर आंबूस वास होता. त्या भाजीच्या सुरीने सडकं कापत होत्या, पुन्हा सुरी पुसत होत्या, पुन्हा कापत होत्या, कुठे पांढरं लागतं का बघत.

"ताई, पाणी मी घातलं."

सुरी थांबली नाही.

"किती?"

"अर्धा कप. दर दुसऱ्या दिवशी."

"किती दिवस?"

"अडीच आठवडे."

त्यांनी मनात हिशेब केला असावा. "अन् मी फोनवर विचारत होती तेव्हा?"

"खोटं बोलले."

"का घातलं?"

"मला बघवेना."

त्यांनी सुरी खाली ठेवली. मला वाटलं आता त्या रागावतील, आणि मला ते हवं होतं. पण त्या म्हणाल्या, "राधिकाला मी काय काय बोलली, बाप्पा." मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "गाडी काढ."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त पाहायचा आहे?"

राधिकाच्या ड्राइव्हवेवर तिचा नवरा फावड्याने बर्फ ओढत होता. दार राधिकानेच उघडलं, आणि ताईंना बघून तिचा हात दाराच्या कडेवरच राहिला. ताई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"तू पाणी घातलं नव्हतं. मी न विचारता बोलली. देवाचंही बोलली. चूक माझी."

"मग कोणी घातलं?"

ताईंनी माझं नाव घेतलं नाही. त्या समोर बघत राहिल्या. मला ते घ्यावंच लागलं.

"मी," मी म्हटलं.

राधिकाने माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि ग्रुपवर हे सगळं चाललं होतं, तेव्हा तू वाचत बसली होतीस?"

"हो."

"ग्रेट."

फावड्याचा आवाज येत होता. मग राधिका ताईंना म्हणाली, "मी पण ग्रुपवर तसं लिहायला नको होतं. डिलीट करते. या ना आत, चहा करते."

"नको. शूज काढायचे, घालायचे, लय वेळ जातो."

"आणि ताई, तुळस आता मी इकडेच ठेवीन. झाडांसाठी ग्रो लाइट घेतलाय. ओके ना?"

"ठेव की. तुझीच आहे."

परत येताना मी गाडी हळू चालवत होते. राधिका तिचा मेसेज काढणार होती, आणि घरी पोचल्यावर मी ग्रुपवर खरं काय ते लिहिणार होते. तसं मी ताईंना सांगितलं.

"लिही," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी लिही. जे ग्रुपवर लिहिलं ते मी वाचलं. अन् जे लिहिलं नाही, तेही मला पंचावन्न वर्षं वाचता येते."

सिग्नल हिरवा झाल्याचं मला मागच्या गाडीच्या हॉर्नने कळलं.

खोडाचा वरचा हातभर भाग पांढरा निघाला होता. ताईंनी तो आठ दिवस वाळवला, मग कोरड्या वाळूत उभा केला आणि मला सांगितलं, "मे महिन्यापर्यंत विचारू नको." मी विचारलं नाही. आयुष्यात मला इतकं कठीण दुसरं काही गेलेलं नाही. मार्च गेला, एप्रिल गेला, बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला. मे संपला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गेले तेव्हा वाळूची कुंडी रिकामी होती आणि ताई ती नळाखाली धूत होत्या.

"पोचट झालं होतं आतून," त्या म्हणाल्या. "कंपोस्टला दिलं सकाळी."

मी म्हटलं, ऑनलाइन रोप मिळतं फ्लोरिडाहून, तीन फुटांचं, मी मागवू का? पाल्याची पूडही मिळते.

"पूड तर डेट्रॉइटच्या आफ्रिकन दुकानात पाहिजे तेवढी मिळते. अठरा वर्षं कुठून मागवशील?"

त्यांनी कुंडी उपडी ठेवली आणि हात पुसले. मला बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले.

त्यानंतर आमचं जाणंयेणं अगदी तुटलं नाही. सियाला त्या शनिवारी गणित शिकवतात, ते चालूच राहिलं. सियाला दारात सोडलं की त्या मला कधी आत बोलवायच्या, कधी नाही. मी दोन्हीची सवय करून घेतली.

यंदाच्या ऑक्टोबरात ग्रुपवर नेहमीचा प्रश्न आला नाही. नव्याने आलेल्या एका मुलीने तेवढं विचारलं, इथे कोणी प्लांट्स ठेवून घेतं ना? ताईंनी उत्तर दिलं, "यावर्षी जमणार नाही." पंधरा वर्षांत त्यांनी नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा वाचलं.

त्या शनिवारी सियाला घ्यायला गेले तेव्हा काचेच्या खोलीत दोन मोठ्या बॅगा उघड्या पडल्या होत्या. शाळेच्या किचनमधून त्यांनी बिनपगारी सुट्टी घेतली होती. नोव्हेंबर ते मार्च, मोनालीकडे, क्युपर्टिनोला.

"पोरगी चार वर्षांपासून बोलावते," त्या साड्यांच्या घड्या दाबत म्हणाल्या. "बाबा गेल्यापासून. एकटी हिवाळा काढू नको म्हणते. दरवेळी मी सांगायची, कशी येऊ, झाडं कोण पाहील?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग एका परीनं बरंच झालं की, ताई."

त्यांचे हात थांबले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. नुसता थकवा होता, खूप जुना.

"बरं काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "झाड मेलं. अन् मी लेकीकडे चालली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आश्लेषा. एकीत दुसरी घालू नको."

मी हो म्हटलं.

"आता धर त्या बाजूनं. चेन लागत नाही."

मी गुडघे टेकून बॅगेची दुसरी बाजू दाबून धरली.